निळी गिटार आणि नखभर अंतर

आत्याला चष्म्याच्या दुकानात सगळे काडीवाल्या बाई म्हणत. डोळे तपासायला डॉक्टर होते, काचा बाहेरून घासून येत, गल्ल्यावर मालक बसत. पण तुटलेली काडी, हरवलेला स्क्रू, वाकडी झालेली चौकट हे सगळं मागच्या खिडकीशी बसणाऱ्या आत्याकडे येई. तिच्या टेबलाच्या खणात मोडलेल्या चष्म्यांचे अवयव नीट वेगवेगळे ठेवलेले असत. डाव्या काड्या एका डब्यात, उजव्या दुसऱ्यात, नाकावर टेकणाऱ्या गाद्या औषधाच्या बाटलीत. गिऱ्हाईक रडवेलं तोंड करून यायचं, "बाई, ही चौकट आता कुठे मिळत नाही हो." आत्या खणात बोटं फिरवायची, कुठल्या तरी परक्या चष्म्याची काडी उचलायची, कानशीने जरा खरडायची आणि बसवून द्यायची. रंग उन्नीस-वीस असायचा. "बसली ना घट्ट? मग झालं," ती म्हणायची. उभा जन्म या एका वाक्यावर गेला आणि कुणी नाव ठेवलं नाही.

लग्न तिने केलं नाही. का, हे विचारणं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. भावाच्या घरात गच्चीला लागून एक खोली होती, ती तिची. भाऊ तिच्याहून लहान, आणि वहिनी त्या घरात आली त्या दिवसापासून दोघींचं सूत जमलेलं. भाची तर चालायला शिकली ती आत्याच्या खोलीकडेच. घरात काहीही मोडलं की ती ते उचलून आधी वर घेऊन जायची.

भाची कॉलेजात जायला लागली आणि तिच्या डोक्यात इलेक्ट्रिक गिटार शिरली. भाऊ म्हणाला, "विजेवर वाजवायचं वाद्य? आधीच बिल बघून माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात." वहिनी म्हणाली, देवाच्या मनात असेल तर मिळेल. त्याच आठवड्यात दुकानातून येताना आत्या जुन्या सामानाच्या गल्लीत शिरली आणि चादरीत गुंडाळलेली एक लाल गिटार काखेत मारून घरी आली.

"घे. होतं त्याच्या मनात," ती म्हणाली.

लाल गिटार स्वस्तातली होती आणि ते तिला लपवता येत नव्हतं. मानेवरच्या आडव्या पट्ट्यांची टोकं करवतीसारखी बोटांना लागत. तारा लाकडापासून इतक्या उंच की भाऊ म्हणाला, "हिच्यावर माझे मोजे वाळत घाला." आवाजाचं बटण फिरवलं की आत काहीतरी तळायला टाकल्यासारखं तडतडे. भाचीची बोटं सोलवटली, पण पोरीने ब्र काढला नाही. ते बघून आत्याने गिटार मांडीवर आडवी घेतली, दुकानातली बारीक कानस आणली आणि एकेका पट्टीचं टोक चष्म्याच्या काडीसारखं गोल केलं. मग तारा खाली घेतल्या. मग बटणात साठलेली घाण साफ केली. करता करता तिच्या लक्षात आलं की या वस्तूत खोट अशी काही नाही. लाकूड बरं आहे, खुंट्या बऱ्या आहेत. फक्त ज्याने बनवली त्याने शेवटचा हात फिरवलेला नाही.

"कारखान्यात सगळ्यांना घाई," ती खाली येऊन वहिनीला म्हणाली.

वहिनी भाजी निवडत होती. "माणसांचं तरी काय वेगळं आहे, ताई. देव घडवून पाठवतो, शेवटचा हात आपल्यावर सोडतो."

आत्याला ते पटलं. इतकं पटलं की त्यानंतर स्वस्तातली गिटार दिसली आणि तिने तिच्याकडे पाठ फिरवली असं झालं नाही. जुन्या सामानाच्या गल्लीतला दुकानदार अशा गिटारी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागला. एकीची मान तुटलेली, एकीचं अंग शाबूत पण आतल्या तारा कुणीतरी ओढून काढलेल्या, एकीला नुसत्या खुंट्या. गच्चीच्या खोलीत पलंगाखाली माना, पलंगावर अंगं. भाऊ वर आला की दारातूनच म्हणायचा, "ताई, झोपतेस कुठे? की तुलाही सुटी करून भिंतीला टांगतात?"

त्यातूनच निळी तयार झाली. अंग एका गिटारीचं, निळं, कडेला पोपडे आलेलं. मान दुसरीची, गडद लाकडाची, हातात धरली की आपली वाटणारी. तारांचा आवाज पकडणारी चुंबकं तिसरीची. अंगात मान बसवायला खाच असते. ती मान त्या खाचेत अशी चपखल बसली की मध्ये कागद जाईना. मागून चार स्क्रू कसले, तारा चढवल्या, आणि आत्याने मान वर न करता म्हटलं, "बसली ना घट्ट? मग झालं."

भाचीने निळी हातात घेतली आणि लालचं नावही पुन्हा काढलं नाही. वाजवायला शिकली ती खरं तर निळीवरच, कुणाकडे न जाता, ऐकून ऐकून. पुढे तिचा एक छोटा गट झाला. एक मैत्रीण गायची, एकजण पेटीसारखा कीबोर्ड वाजवायचा, ढोल वाजवणारा कधी यायचा, कधी यायचा नाही. भाचीचं वाजवणं लोकांच्या कानात राहायचं. तिचा वरचा सूर कधी नुसता उभा राहत नसे. तार दाबली की बोट ती किंचित बाजूला ढकलायचं आणि सूर जरासा वर सरकून मग जागेवर यायचा, एखादं माणूस बोलायच्या आधी श्वास घेतं तसा. गाणारी मैत्रीण म्हणायची, "हिची गिटार हुंदका देते." भाची खांदे उडवायची. तिला वेगळं काही करत असल्यासारखं वाटतच नसे. फक्त एक होतं. वरच्या सुरांच्या पट्ट्यांवर ती कधी सगळ्या तारा एकत्र छेडत नसे. "तिथे त्या एकमेकींशी भांडतात," म्हणायची. आत्याने हे ऐकलं होतं, आणि ऐकून सोडून दिलं होतं.

कॉलेज संपल्यावर भाची पार्सलच्या कचेरीत लागली. दिवसभर खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि उशीर झाला म्हणून लोकांचं ऐकून घ्यायचं. घरी आली की जेवणावर मन नसे. अशात टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर जो संगीताचा वर्ग होता, तिथल्या मास्तरांना लहान मुलांना गिटार शिकवायला कुणीतरी हवं होतं. भाचीने हे आत्याला सांगितलं ते अगदी हळू, मोठ्याने बोलली तर उडून जाईल अशा आवाजात. इतक्या वर्षांत तिला कशाची एवढी ओढ लागलेली आत्याने पाहिली नव्हती.

"निळी घेऊन जाशील ना?" आत्याने विचारलं.

"वर्गाच्याच गिटारीवर वाजवायला सांगतील. मुलं त्याच वाजवतात म्हणे."

"मग त्या निळीपेक्षा चांगल्याच असतील," आत्या म्हणाली. "सोनंच होईल तुझं."

भाची गेली आणि तासाभरात परत आली. चपला काढल्या, वर गेली, निळी भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभी केली. आत्या मागोमाग गेली.

"काय झालं?"

"काही नाही. माझा कान खराब आहे."

"कुणी सांगितलं?"

"मास्तर म्हणाले. चांगले बोलले, ओरडले नाहीत. म्हणाले, हात तयार आहे, पण वरचे सगळे सूर चढतायत, मुलांना चुकीचं वळण लागेल. हवं तर पुढच्या आठवड्यात परत या म्हणाले." ती पलंगावर बसली. "आणि चढतच होते गं आत्या. मला ऐकू येत होतं. बोट ठेवलं की वर, ठेवलं की वर. म्हणजे आजवर लोक मला तोंडावर चांगलं म्हणत होते."

"लोक कशाला खोटं बोलतील?"

"मग मला सांग, दोष कुणाचा? गिटारी नव्या होत्या, मास्तर साठीचे आहेत. उरलं कोण?"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पोरीचं वाजवणं तिने रोज जिना चढता उतरता ऐकलं होतं तिचा कान खराब? दुसऱ्या दिवशी तिने दुकानात अर्धी रजा टाकली, निळीचा स्क्रू कसायचा आहे असं भाचीला सांगून ती चादरीत गुंडाळली आणि तडक वर्गात गेली.

मास्तर सडपातळ गृहस्थ होते. खिडकीत बसून चहा पीत होते.

"काल जी मुलगी आली होती तिची मी आत्या," ती म्हणाली. "ही तिची गिटार. हिच्यावर ती एक सूर चुकत नाही. तुमच्या गिटारींमध्येच काहीतरी आहे."

मास्तर वादात पडले नाहीत. "बसा," म्हणाले आणि निळी मांडीवर घेतली. मोकळ्या तारा जुळवल्या. खालचे सूर वाजवले, मान डोलावली. मग बोटं वरच्या सुरांकडे नेली, सरळ दाबली, कुठे ढकलाढकली नाही, आणि निळीतून असा सूर निघाला की आत्याने तोंड फिरवलं. उतरलेला, पडेल. मास्तर आणखी वर गेले तसा आणखी उतरला.

"कुणी जोडली ही?"

"मी."

"मान दुसऱ्या गिटारीची दिसते."

"हो. पण घट्ट बसली आहे. कागद जात नाही."

"घट्ट असेल हो." त्यांनी कप खाली ठेवला. "बाई, तार वरच्या बाजूला जिथे टेकते तिथून या मधल्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच इथून या खालच्या घोडीपर्यंत, म्हणजे तारांच्या दुसऱ्या टेकणीपर्यंत, असावं लागतं. तार बरोबर मध्यावर दाबली गेली तरच सूर खरा. मोजलं होतं का?"

आत्याने मोजलं नव्हतं. मोजायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. तिने गळ्यातल्या चष्म्याची दोरी सोडवली, एक टोक मानेच्या वरच्या टेकणीवर धरलं, दुसरं मधल्या पट्टीवर चिमटीत पकडलं. मग तीच चिमूट न सोडता दोरी खालच्या बाजूला फिरवली. ती घोडीपर्यंत पोचलीच नाही. अंगठ्याच्या नखाएवढी कमी पडली.

मास्तर पुढे काही सांगत होते, पण तिला आता सांगायची गरज नव्हती. दुकानात असली माणसं तिने कितीतरी पाहिली होती. चष्म्याचा नंबर बरोबर, चौकट घट्ट, फक्त काचेचा मध्य बुबुळासमोर आलेला नसतो. माणूस तसाच वापरतो, डोळे आपले आपण जुळवून घेतात. आणि एक दिवस त्याला बरोबर चष्मा द्यावा, तर तो जिन्याच्या पायरीवर पाय आपटून परत येतो आणि म्हणतो, बाई, तुमच्या चष्म्यातून जमीन तिरकी दिसते. अशा वेळी आत्या हसून सांगायची, चार दिवस घाला, जमीन सरळ होईल.

म्हणजे पोरगी हुंदका वगैरे काही देत नव्हती. आत्याने बसवलेला उतरता सूर ती बोटाने उचलून जागेवर ठेवत होती. प्रत्येक सूर, इतकी वर्षं. मास्तरांच्या चांगल्या गिटारीवरही बिचारीच्या बोटाने तेच केलं.

"पुढच्या आठवड्यात तिला यायचं आहे ना?" तिने विचारलं.

"जागा रिकामी आहे अजून. पण दुसरेही येऊन जातायत," मास्तर म्हणाले.

घरी येताच वर जाऊन आत्याने सगळ्या तारा सैल केल्या, घोडीचे दोन स्क्रू काढले. भाची कचेरीत होती. तिसरा स्क्रू काढला. घोडी नखभर पुढे घ्यायची, जुनी भोकं काडीची पाचर मारून बुजवायची, वर निळा रंग. पोरीला पत्ता लागणार नाही. पण पत्ता लागणार नाही तर होईल काय? ती घरी येईल, कधी तरी निळी हातात घेईल, बोट सवयीने ढकलेल आणि जी एकच गिटार तिला खरी वाटत होती तीही चढेल. मग तिला कायमची खात्री पटेल. आत्या हातातला स्क्रू बघत बसली. चूक झाकायची म्हणजे पोरीच्या कानावर ती कायमची टाकायची.

वहिनी कपडे घेऊन गच्चीवर आली होती. उघडी गिटार आणि आत्याचा चेहरा बघून ती टोपली ठेवून दारात बसली. आत्याने सगळं सांगितलं.

"मी आज सकाळी प्रार्थनेत तिच्यासाठीच मागत होते," वहिनी म्हणाली. "म्हटलं, देवा, पोरीला कान दे. आणि तो तर आधीच देऊन बसलाय."

"आता तिला कसं सांगू?"

"जसं मला सांगितलंत तसंच. फक्त तिला रागवू द्या. मध्ये समजूत घालायला जाऊ नका."

भाची आली तेव्हा निळी पलंगावर तशीच उघडी पडली होती. आत्याने आडपडदा ठेवला नाही. दोरी तिच्या हातात दिली.

"मोज. इथून इथपर्यंत. आता तीच इकडे."

भाचीने मोजलं. दोरी कमी पडली. तिने पुन्हा मोजलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मी मान दुसरी बसवली आणि घोडी जुन्याच जागी ठेवली. पहिल्या दिवसापासून. वरचा प्रत्येक सूर उतरत होता."

"आणि मी?"

"तू तो उचलत होतीस. तुला कळत होतं तो कुठे हवा ते, म्हणून. कान खराब असता तर उतरलेलाच वाजवला असतास आणि वर्गात पास झाली असतीस."

भाचीने दोरी बोटाला गुंडाळली, सोडवली. मग बोलली ती आत्याकडे न बघता. "मी माझी म्हणून एकच गोष्ट करत होते. लोक म्हणायचे, ही अशी वाजवते. ते तुझ्या स्क्रूमुळे होतं."

आत्याच्या जिभेवर होतं की तसं नाही गं बाळा. वहिनीचं आठवलं. ती गप्प बसली.

"एकदा मोजलं असतंस तर काय गेलं असतं?"

"काही गेलं नसतं."

"मग का नाही मोजलंस?"

"घट्ट बसली होती. घट्ट बसलं की झालं, असं मला वाटायचं."

भाची खाली निघून गेली. जेवायच्या वेळी भावाने विचारलं, "आज दोघी मूग गिळून का बसल्या आहेत?" वहिनीने त्याच्या ताटात आणखी भात वाढला आणि त्याला गप्प केलं.

सकाळी भाची कचेरीला जायच्या आधी वर आली. दारातच उभी राहून म्हणाली, "माझ्यासमोर बसव. दोरी मी धरणार."

तशी बसवली. भाचीने दोरी धरली, आत्याने नवी भोकं पाडली. भाचीने तीनदा थांबवलं, आत्या तिन्ही वेळा थांबली. जुन्या भोकांत पाचर ठोकून झाल्यावर आत्या रंगाची बाटली शोधू लागली तर भाची म्हणाली, "राहू दे. दिसू देत."

तो आठवडा घरात सगळ्यांना जड गेला. निळी आता बरोबर होती आणि भाचीचा हात चुकीचा. बोट ढकलायचं, सूर चढायचा, ती थांबायची, शिवी गिळायची, पुन्हा सुरू. भाऊ म्हणाला, "आधीचं काय वाईट होतं? आधी निदान गाणं पूर्ण व्हायचं." आत्या आपल्या पलंगावर बसून ऐकायची. चढलेला सूर तिच्याही कानाला आता टोचायचा, पण ती जपाला बसल्यासारखी डोळे मिटून गप्प राहायची. पोरीला सांगायची गरज नव्हती. प्रत्येक वेळी तिचं तिलाच कळत होतं.

त्या ओळखीच्या हुंदक्याची मात्र आत्याला फार आठवण यायची. चुकीतून आलेला होता, तरी त्याने घर भरलं होतं. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही.

ठरल्या दिवशी भाची निघाली आणि जिन्यात थांबून म्हणाली, "येतेस का? बाहेर बसायचं हां. आत येऊन मास्तरांशी भांडायचं नाही."

वर्गाबाहेर एक बाकडं होतं. आत्या त्यावर बसली आणि आपसूक हात जोडले गेले. आत मास्तरांचा आवाज आला, मग वर्गाच्या गिटारीवर भाचीचं वाजवणं. खालचे सूर सरळ गेले. बोटं वर निघाली. एक सूर, दुसरा, आणि तिसरा चढला. वाजवणं थांबलं.

"परत घेते," भाचीचा आवाज आला, सपाट, न घाबरलेला. तोच तुकडा तिने पुन्हा वाजवला. तिसरा सूर या वेळी जिथे हवा तिथे उभा राहिला, कुणी न ढकलता. ती पुढे गेली. आणखी एकदा थांबली, आणखी एकदा परत घेतला. मग शेवटपर्यंत गेली. त्यानंतर आत बोलणं सुरू झालं ते बाहेर नीट ऐकू येईना. आत्या जोडलेले हात सोडायचं विसरून गेली होती.

दार उघडलं. भाचीने पर्स खांद्याला लावली आणि जिन्याकडे निघाली. आत्या मागे.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चढलेला सूर ज्याचा त्याला कळतो, अशी माणसं कमी येतात. सोमवारपासून लहान मुलांचा वर्ग घे म्हणाले. मोठ्यांचा नाही. मोठ्यांचं हात सुधारल्यावर बघू म्हणाले."

"गिटारीचं सांगितलंस त्यांना?"

"त्यांना माहीत होतं. तू आधीच येऊन गेली होतीस म्हणे, भांडायला."

दोघी रस्त्यावर आल्या. गाड्यांची रांग लागलेली होती, पलीकडे जायला वाट मिळेना. थोड्या वेळाने आत्याने विचारलं, "राग आहे का गं अजून?"

भाचीने खरंच विचार केला. "आहे थोडा."

"असू दे," आत्या म्हणाली.

मग गाड्या थांबल्या. भाचीने तिचा हात धरला नाही, पण पाऊल तिच्यासाठी हळू टाकलं, आणि दोघी रस्ता ओलांडून गेल्या.